चेफालूत आठवडाभर निवांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपची सुट्टी म्हटली की आपल्याकडे बहुतेक वेळा दहा दिवसांत सहा शहरं असा बेत ठरतो. रोज पहाटे बॅगा भरायच्या, बस गाठायची, फोटो काढायचे आणि रात्री नव्या हॉटेलात गरम पाण्याचा नळ शोधायचा. एकाच गावात मुक्काम ठोकून, समुद्रात डुंबून, भरपूर झोपून परत यावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. गाव आहे इटलीच्या सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं चेफालू. वस्ती साधारण चौदा हजार. बेटाची राजधानी पालेर्मोपासून पूर्वेला सुमारे ७० किलोमीटर.

भूमध्य समुद्राकाठी इतकी गावं असताना चेफालूच का?

कारण इथे सगळं पायी आहे. स्टेशनावर उतरलात की दहा-बारा मिनिटांत वाळूत पाय टेकतात. किनाऱ्याच्या टोकालाच जुनं गाव सुरू होतं आणि गावाच्या पाठीशी ला रोक्का नावाचा प्रचंड कातळ उभा आहे. पोहून झाल्यावर ओल्या केसांनी चालत निघालं तरी पाच मिनिटांत तुम्ही बाराव्या शतकातल्या कॅथेड्रलच्या चौकात असता. गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही, टॅक्सीवाल्याशी बोलणी करावी लागत नाहीत.

दक्षिण इटलीतला आमाल्फी किनारा जास्त प्रसिद्ध आहे, पण तिथे पायऱ्या फार आणि वाळू कमी. सिसिलीतलंच ताओर्मिना देखणं आहे, पण ते डोंगरावर आहे. समुद्रावर जायचं तर केबल कार किंवा बस धरावी लागते. विश्रांतीसाठी जायचं असेल तर खोली आणि समुद्र यांच्यामध्ये वाहन नसावं, असं माझं ठाम मत आहे.

आठ दिवस एकाच गावात! कंटाळा नाही येणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिले दोन दिवस हात शिवशिवतात. आज काय बघायचं, उद्या कुठे जायचं, असं मन मागे लागतं. तिसऱ्या दिवसापासून गावाची लय अंगात उतरायला लागते. सकाळी सातला किनारा जवळजवळ रिकामा असतो, पाणी काचेसारखं स्थिर असतं, तेव्हा तासभर समुद्रात. मग बाजूच्या बारमध्ये (इथे कॉफीच्या दुकानाला बार म्हणतात) बदामाची नाही तर लिंबाची ग्रानिता आणि डोक्यावर गोळा असलेला मऊ ब्रिओश पाव. हा सिसिलीचा उन्हाळी नाश्ता. ग्रानिता म्हणजे साखर-पाणी आणि फळ किंवा सुकामेवा घोटून बनवलेला मऊ बर्फ. ब्रिओश तोडून त्यात बुडवून खायचा.

अकरानंतर ऊन चढतं. तेव्हा सावलीत पुस्तक, पत्ते किंवा नुसतं बसणं. दुपारी एक ते चार गाव झोपतं. तुम्हीही झोपा. खिडकीच्या लाकडी झडपा लावल्या की बाहेर कितीही ऊन असो, आत गार अंधार होतो. पाचला पुन्हा पाण्यात. सातनंतर अख्खं गाव नटून-थटून फिरायला बाहेर पडतं: आजी-आजोबा, बाबागाड्या, शाळकरी पोरं. कोर्सो रुज्जेरो हा मुख्य रस्ता, त्यावरून कॅथेड्रलच्या चौकापर्यंत जायचं आणि परत यायचं. कुणालाही कुठे पोचायची घाई नसते. इटलीत या फेरफटक्याला पास्सेज्जाता म्हणतात. जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे संध्याकाळ पुरून उरते.

चौथ्या-पाचव्या दिवशी कॉफीवाला तुम्हाला ओळखायला लागतो, विचारायच्या आत कप पुढे करतो. सहा शहरं पळत बघणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही. आठ दिवस जमत नसतील तर पाच करा, पण त्या पाचांत दुसरं शहर कोंबू नका.

कोणत्या महिन्यात जावं?

मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. मुलांच्या उन्हाळी सुट्टीत बसवायचं असेल तर पहिला पर्याय सोयीचा. मेच्या मध्यात पाणी १८-१९ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या कोकण-गोव्याच्या सवयीला चांगलंच थंड. जूनच्या मध्यापर्यंत ते २२ च्या पुढे जातं. सप्टेंबरात समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, साधारण २५ अंश, आणि गर्दी ओसरलेली असते. मला विचाराल तर सप्टेंबरच.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि पाण्यात उतरणं जिवावर बेततं. तिकडे हेच महिने कोरडे असतात आणि समुद्र बराच शांत. पावसाळा तिथे हिवाळ्यात येतो.

ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तो हा इटलीचा मोठा सुट्टीचा दिवस असतो. त्याच्या मागचे-पुढचे दोन आठवडे अख्खा देश किनाऱ्यावर असतो, भाडी चढलेली असतात आणि वाळूवर पाऊल ठेवायला जागा नसते. उकाडाही भयंकर होऊ शकतो: ११ ऑगस्ट २०२१ रोजी याच बेटावर, सिराकुझाजवळ, ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं. तो युरोपचा उच्चांक आहे. ऑगस्टमध्येच जावं लागत असेल तर निदान २ ते ६ तारखांमध्ये जा. तेव्हा ग्रामदैवत म्हणावं अशा सांतिस्सिमो साल्वातोरेचा उत्सव असतो. शेवटच्या दिवशी समुद्रावर आडवा बांधलेला, साबण-चरबी फासून गुळगुळीत केलेला लांब सोट असतो. त्यावरून अनवाणी चालत जाऊन टोकाचा झेंडा काढण्याची स्पर्धा लागते. पोरं धडाधड पाण्यात पडतात आणि काठावरचं गाव ओरडून ओरडून थकतं.

दिवाळीच्या सुट्टीत ऑक्टोबरअखेर गेलात तर पाणी अजून कोमट मिळू शकतं, पण पावसाच्या सरी सुरू झालेल्या असतात आणि किनाऱ्यावरच्या छत्र्या-खुर्च्या बहुतेक उचललेल्या असतात. फिरायला छान, डुंबायचं मात्र नशिबावर.

व्हिसाचं काय?

इटली शेंगेन गटात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आणि त्याहून लहानांना माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या इटालियन वकिलातीच्या अखत्यारीत येतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल-मेमध्ये भेटीच्या वेळा भराभर संपतात, तेव्हा उन्हाळ्यात जायचं असेल तर फेब्रुवारीतच हालचाल करा. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे.

गोव्यातल्या ज्या कुटुंबांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहेत, त्यांना व्हिसा लागत नाही. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये वैध निवास परवान्यावर राहणाऱ्या मराठी मंडळींनाही वेगळा व्हिसा नको. लंडनला राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना मात्र तो काढावाच लागतो. ब्रिटनचा निवास परवाना इथे चालत नाही.

मुंबईहून पोचायचं कसं?

पालेर्मोला थेट विमान नाही. रोम किंवा मिलानला उतरून देशांतर्गत विमान धरा. एकाच तिकिटात सगळे टप्पे घेतलेत तर एखादं विमान चुकल्यास पुढची सोय कंपनीवर राहते, म्हणून स्वस्त पडतं म्हणून तुकडे करू नका. लंडन, म्युनिक अशा शहरांतून पालेर्मोला थेट विमानं आहेत, उन्हाळ्यात जास्त.

पालेर्मोचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला आहे. तिथूनच ट्रेन पालेर्मो चेंत्राले स्टेशनात आणते, तिथे गाडी बदलून चेफालू. दुसऱ्या टप्प्याला पाऊण तास ते तास लागतो आणि तिकीट साधारण सहा-सात युरो. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. तिकीट विकत घेतलं आहे एवढ्यावर भागत नाही. शिक्का नसेल तर दंड होतो. गाडीत डाव्या हाताची खिडकी धरा. पालेर्मो सोडलं की बराच वेळ समुद्र सोबत असतो.

हातात वेळ असेल तर रोमहून रात्रीच्या ट्रेनने सिसिलीत येणं हा वेगळाच अनुभव आहे. इटलीच्या टोकाला विल्ला सान जोव्हान्नीला गाडीचे डबे तोडून बोटीत चढवतात, मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडतात आणि पलीकडे पुन्हा जोडतात. मुलं हे दृश्य आयुष्यभर विसरणार नाहीत. प्रवास मात्र बारा तासांच्या आसपास आहे.

राहायचं कुठे: जुन्या गावात की किनाऱ्यासमोर?

दोघंच असाल तर जुन्या गावात. दगडी गल्ल्या, वरती वाळत घातलेले कपडे, खालून येणारा लसूण-टोमॅटोचा वास. यात राहण्याची मजा आहे. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर किनाऱ्यालगतच्या लुंगोमारे या सपाट रस्त्यावर किंवा त्याच्या मागच्या गल्लीत. जुन्या घरांना बऱ्याचदा लिफ्ट नसते आणि जिने अरुंद, उभे असतात. बुकिंगआधी मजला आणि लिफ्ट दोन्ही लेखी विचारा.

आपल्या लोकांना न्हाणीघराची धास्ती असते. इटलीत १९७५ च्या नियमानुसार घरात निदान एका न्हाणीघरात बिडे (पाण्याने धुण्यासाठीचं बसकं भांडं) असावाच लागतो, त्यामुळे पाण्याची सोय असते. पाणी जपून वापरा. २०२४ मध्ये सिसिलीत दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर करावी लागली होती आणि उन्हाळ्यात बेटावर पाण्याची टंचाई असते. निघताना दर रात्रीमागे माणशी थोडा निवास करही द्यावा लागतो. तो खोलीच्या भाड्यात बहुधा धरलेला नसतो.

किनाऱ्यावर बसायला पैसे पडतात हे खरं का?

अर्धं खरं. रांगेत छत्र्या आणि आरामखुर्च्या मांडलेल्या दिसतात ते लिदो. तिथे दिवसाचं भाडं देऊन जागा घ्यायची. त्यात शौचालय, अंघोळीचा शॉवर, कधी लॉकर मिळतं. पहिल्या रांगेचा भाव जास्त. उरलेला किनारा स्पियाज्जा लिबेरा, म्हणजे सगळ्यांना मोकळा. टॉवेल अंथरा आणि बसा.

चार दिवस मोकळ्या किनाऱ्यावर काढावेत आणि दोन दिवस छत्री घ्यावी. आई-वडील सोबत असतील तर रोज छत्री घ्या, तिथे काटकसर करू नका. शनिवार-रविवारी पालेर्मोचे लोक ट्रेनने येतात आणि दहापर्यंत जागा भरते. त्या दिवशी किनारा सोडून डोंगरात जा.

आम्हाला पोहता येत नाही. मग समुद्राचा काय उपयोग?

भरपूर आहे. चेफालूचा किनारा सुमारे दीड किलोमीटरचा, बारीक वाळूचा आणि हळूहळू खोल होत जाणारा आहे. बऱ्याच अंतरापर्यंत पाणी कमरेला असतं. भरती-ओहोटी तर जवळजवळ नाहीच. कोकणात पाणी शे-दोनशे पावलं मागे जातं, इथे फरक वीत-दीड वीत. सकाळी ठेवलेला टॉवेल संध्याकाळी त्याच जागी कोरडा. पाणी अरबी समुद्रापेक्षाही किंचित खारट आहे, त्यामुळे अंग सहज तरंगतं. न पोहणाऱ्याने कमरेएवढ्या पाण्यात, सोबतीला कुणाला तरी उभं करून, पाठीवर पडून बघावं. दोन-तीन दिवसांत भीती जाते.

पण लाल बावटा दिसला की पाण्यात उतरायचं नाही. समोर पाणी शांत वाटलं तरी नाही. जुन्या बंदराकडच्या खडकांवर समुद्री अर्चिन असतात, त्यांचे काटे तळव्यात मोडतात. तिकडे रबरी जोडे घालूनच जा. कधी वाऱ्यासोबत जांभळट जेलीफिश येतात. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही, आणि वाळूने चोळू नका. औषधाच्या दुकानात मलम मिळतं.

कपडे काय घालायचे? संकोच वाटतो.

तुमच्याकडे कुणीही बघत नाही. साठी-सत्तरीच्या इटालियन बायका आपापल्या अंगकाठीनिशी पोहण्याच्या कपड्यांत निवांत बसलेल्या असतात. अंगभर झाकणारा लायक्राचा पोहण्याचा पोशाख घातलात तरी चालतो आणि उन्हापासून बचावही होतो. सुती सलवार-कुर्ता किंवा लेगिंग-टीशर्ट घालून मात्र पाण्यात शिरू नका. भिजल्यावर कापड जड होतं, पायात अडकतं, आणि न पोहणाऱ्यासाठी ते धोक्याचं आहे.

किनारा सोडला की अंगावर काहीतरी चढवायचं. पोहण्याच्या कपड्यांत गावात हिंडणं असभ्य समजतात. कॅथेड्रलमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी तिथे फार कामाला येते.

शाकाहारी माणसाचे हाल होतील का?

सिसिलीत नाही. हे बेट वांग्यावर प्रेम करणारं आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. पास्ता आल्ला नॉर्मा म्हणजे तळलेलं वांगं, टोमॅटो, तुळशीच्या जातीची बासिलची पानं आणि वरून किसलेलं खारट रिकोत्ता चीज. कापोनाता म्हणजे वांगं, सेलरी, केपर (एका झुडपाच्या मुरवलेल्या कळ्या) आणि ऑलिव्ह घालून केलेली आंबट-गोड भाजी, जी गार खातात आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. पार्मिजाना म्हणजे वांग्याच्या चकत्या, टोमॅटो आणि चीज यांचे थर लावून भाजलेला पदार्थ.

आणि पानेल्ले! हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात घोटून घट्ट शिजवायचं, थापायचं, वड्या पाडून तळायच्या आणि लिंबू पिळून पावात घालून खायच्या. पहिल्या घासाला पाटवडीची आठवण येते. पालेर्मोच्या रस्त्यांवरचं हे खाणं चेफालूतही मिळतं.

आता सावधगिरी. आरान्चिना या भाताच्या तळलेल्या गोळ्यांत बहुधा खिमा असतो, आणि ‘लोण्याची’ म्हणून मिळते तिच्यातही हॅम असतं. पालक किंवा वांग्याची मागा. स्फिंचोने या जाड पिझ्झासारख्या पावावर अँचोव्ही मासा असतो. कानोलीची कुरकुरीत नळी परंपरेने डुकराच्या चरबीत मळतात आणि तळतात. जे कडक पाळतात त्यांनी विचारून घ्यावं, नाही तर कानोलीऐवजी ग्रानिता किंवा बदामाची मिठाई खावी. पार्मेझान आणि पेकोरिनो चीज विरजायला प्राणिजन्य रेनेट (वासरा-कोकरांच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं द्रव्य) वापरतात, हेही माहीत असू द्या.

सांगायची वाक्यं: ‘सोनो वेजेतारियानो’, बाईंनी ‘वेजेतारियाना’. त्यापुढे ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको, मासा नको. नुसतं शाकाहारी म्हटलं तर कधी टूना वाढतात, म्हणून पुढचं वाक्य गाळू नका. कांदा-लसूण नको असेल तर ‘सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो’. जैन आहार पाळणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेलं घर घेतलेलं बरं.

मासे खाणाऱ्यांना तर पर्वणीच. तलवार मासा, सार्डिन, टूना. बडीशेपेच्या कुळातला रानपाला, बेदाणे आणि चिलगोज्यासारख्या बिया घालून केलेला सार्डिनचा पास्ता आधी विचित्र वाटतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावासा वाटतो.

घरून खाऊ न्यावा का?

भाजणी, मेतकूट, चटण्या, लाडवांऐवजी कोरडा चिवडा चालेल. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या, तूप आणि तुपातले लाडूही नाहीत. हापूसही नाही, कारण ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजूर यांनाच त्यातून सूट आहे. मी म्हणेन, चिवड्याचं एक पाकीट प्रवासापुरतं घ्या आणि तिथे जाऊन बाजारात टोमॅटो विकत घ्या. उन्हात पिकलेल्या त्या टोमॅटोवर मीठ आणि ऑलिव्ह तेल घातलं की दुसरं काही लागत नाही.

दुपारी सगळं बंद असतं म्हणतात. जेवायचं कधी?

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. रात्रीचं साडेसातच्या आधी बहुतेक स्वयंपाकघरं सुरूच होत नाहीत, गाव जेवतं ते साडेआठ-नऊला. मधल्या वेळेत भूक लागली तर बार आणि बेकऱ्या उघड्या असतात. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लावलेले दिसतात. ती फसवणूक नाही, टेबलाचं आणि पावाचं शुल्क आहे. वेगळी टिप देण्याची सक्ती नाही.

गावात बघण्यासारखं काय आहे?

कॅथेड्रल. ते नुसतं ओझरतं बघून येऊ नका. नॉर्मन (मूळच्या उत्तर फ्रान्समधल्या) घराण्याचा राजा दुसरा रोजर याने ११३१ मध्ये त्याचं बांधकाम सुरू केलं. वादळातून वाचलो तर देऊळ बांधीन असा त्याने नवस केला होता, अशी आख्यायिका आहे. स्वतःचं दफन इथेच व्हावं अशी त्याची इच्छा होती, पण शेवटी तो पालेर्मोत विसावला. आत वेदीच्या वरच्या अर्धगोलात सोनेरी मोझेकमधला (छोटे तुकडे जडवून केलेल्या चित्रातला) भव्य ख्रिस्त आहे. हे काम ११४८ साली पूर्ण झालं, कारागीर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या ग्रीक परंपरेतले. हातातल्या उघड्या पुस्तकाचं एक पान ग्रीकमध्ये, दुसरं लॅटिनमध्ये: ‘मी जगाचा प्रकाश आहे’. नॉर्मन राजा, ग्रीक परंपरेचे कलावंत, अरबांनी घडवलेलं बेट, हे सगळं त्या एका भिंतीवर एकत्र दिसतं. २०१५ मध्ये पालेर्मो आणि मोन्रेआलेच्या वास्तूंसोबत हे कॅथेड्रल जागतिक वारसा यादीत आलं. सकाळी लवकर, गट यायच्या आत जा आणि पंधरा मिनिटं बाकावर बसून राहा.

चौकाच्या जवळच मांद्रालिस्का संग्रहालय आहे. छोटंसं. तिथे आंतोनेल्लो दा मेसिनाने पंधराव्या शतकात रंगवलेलं एका अनोळखी पुरुषाचं चित्र आहे. त्याच्या ओठांवरचं हसू मैत्रीचं आहे की टोचणारं, हे ठरवता येत नाही. एकोणिसाव्या शतकात बॅरन मांद्रालिस्काने ते लिपारी बेटावरून आणलं. तिथे एका औषधाच्या दुकानात ते कपाटाचं दार म्हणून वापरात होतं, असं सांगतात. या एका चित्रासाठी तिकीट काढावं.

मग पायऱ्या उतरून मध्ययुगीन धोबीघाट. दगडी हौद, कपडे चोळायच्या तिरक्या शिळा आणि भिंतीतून बावीस तोंडांनी पडणारं चेफालिनो नदीचं पाणी. शिलालेख सांगतो की हे पाणी चांदीहून निर्मळ आणि बर्फाहून थंड आहे. हात घालून बघा. थंड आहेच.

ला रोक्कावर चढणं जमेल का?

गुडघे ठीक असतील तर जमेल. उंची सुमारे २७० मीटर, निवांत चढलं तर तासाभरात माथा. मध्यावर दगडी भिंतींचं, दियाना या रोमन देवीचं पुरातन मंदिर आहे. थकलात तर तिथूनच परता, तिथून दिसणारी गावाची लाल कौलं आणि कॅथेड्रलचे दोन बुरूज पुरेसं समाधान देतात. तिकीट आहे, पाऊस पडला की वाट बंद करतात. वाट उघडताक्षणी निघा, माणशी लिटरभर पाणी घ्या आणि चपला घालून जाऊ नका, दगड घासून गुळगुळीत झाले आहेत. आपल्याला उन्हाची सवय आहे या भरवशावर दुपारी मुळीच चढू नका. वारा गार लागतो म्हणून ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी डोकं धरतं.

आई-वडील सत्तरीचे आहेत. त्यांना नेऊ का?

जरूर न्या. प्रेक्षणीय स्थळांच्या धावपळीत त्यांचीच सर्वांत जास्त दमछाक होते, इथे ती नाही. लुंगोमारे सपाट आहे, बाक आहेत, आणि बाकावर बसलेले सिसिलियन आजोबा भाषा येत नसतानाही गप्पा मारतात. पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे त्यांना पहाटे तीनला जाग येईल आणि संध्याकाळी सातला झोप. नेहमीची औषधं पूर्ण मुदतीची आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. किरकोळ तक्रारीला हिरव्या क्रॉसचं औषधांचं दुकान, गंभीर काही असेल तर ११२ हा क्रमांक.

एखादा दिवस बाहेर जायचं झालं तर कुठे?

दोनच ठिकाणं सुचवते. पहिलं पालेर्मो. तिथल्या राजवाड्यातलं कापेल्ला पालातिना हे प्रार्थनागृह आणि बाल्लारोचा बाजार. सकाळच्या ट्रेनने जाऊन दुपारनंतर परत.

दुसरं कास्तेलबुओनो, मादोनिए डोंगरातलं किल्ल्याचं गाव. बसने जाता येतं. या भागात अजूनही मान्ना गोळा करतात. उन्हाळ्यात एका जातीच्या अॅश झाडाच्या सालीला चिरा देतात, त्यातून पाझरणारा रस उन्हात वाळून पांढऱ्या कांड्या होतात. चव हलकी गोड. कास्तेलबुओनो आणि शेजारच्या पोल्लीनाच्या शेतकऱ्यांनी ही विद्या टिकवली आहे. झाडावर चीर कुठे, किती खोल द्यायची हे हाताला कळावं लागतं. तिथे जाऊन ते विकत घेणं म्हणजे त्या माणसांच्या कष्टाला थेट दाद देणं.

पैसे कसे न्यावेत?

फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो. कॉफी, पानेल्ले, बस यांना सुटे लागतात. काउंटरशी उभं राहून एस्प्रेसो घेतली तर एक-दीड युरो, टेबलावर बसलात की जास्त. कार्ड यंत्राने रुपयांत पैसे घेऊ का विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर तोट्याचा असतो.

परत येताना काय आणावं?

मान्ना, खड्या मिठात मुरवलेले केपर, त्रापानीचं समुद्री मीठ, बदामाची मिठाई. मातीची रंगीत भांडी हवी असतील तर ट्रेनने पूर्वेला सांतो स्तेफानो दि कामास्त्राला जा, ते कुंभारांचंच गाव आहे आणि दुकानदार भांडी प्रवासासाठी नीट बांधून देतात. किनाऱ्यावरची वाळू आणि गोटे मात्र उचलू नका. इटलीत त्याला कायद्याने मनाई आहे आणि विमानतळावर सापडल्यास दंड होतो. मुलांच्या खिशात काही राहिलं नाही ना, हे निघायच्या आदल्या संध्याकाळी बघून घ्या.